जुनं चायनीज रेशमी भरतकाम जमवायचंय? आधी उलटी बाजू बघायला शिका

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणींनी विचारलं, की तू हे जुनं चायनीज भरतकाम कुठून घेतेस, खरं-खोटं कसं ओळखतेस, आम्हाला पण सुरू करायचंय. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. मला जे पैसे घालवून आणि एक चांगली वस्तू वाया घालवून कळलं, ते तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

ती वाया गेलेली वस्तू म्हणजे माझी पहिलीच खरेदी. बाह्यांच्या पट्ट्यांची जोडी होती. चिंग, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजवटीत, तिथल्या हान (म्हणजे बहुसंख्य समाजाच्या) बायकांच्या अंगरख्याला रुंद बाह्या असायच्या आणि त्यांच्या कडेला अशा भरलेल्या पट्ट्या लावायचे, साधारण हातभर लांब आणि वीतभराहून कमी रुंद. माझ्या जोडीवर हस्तिदंती सॅटिनच्या जमिनीवर, म्हणजे पायाच्या कापडावर, निळी फुलपाखरं आणि पिओनीची फुलं होती, फ्रेममध्ये बसवलेली, मी समोरून बघून भुलले आणि घेतली. घरी आणून फ्रेम उघडली तर अख्ख्या पट्ट्या मागून पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेल्या. सोडवायला गेले तर सॅटिनचा अक्षरशः भुगा हातात आला. फुलपाखरं वाचली, जमीन गेली. विकणाऱ्याने ती फ्रेम कधी उघडूनच बघितली नव्हती, आणि मी पण उघडायला सांगितलं नाही. तेव्हापासून माझा नियम एकच, जी वस्तू उलटी करून बघू देत नाहीत ती घ्यायची नाही.

पहिली पायरी: दोन-तीन महिने नुसतं बघा

खरेदी अजिबात नाही. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, यांचे संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतात आणि फोटो इतके मोठे असतात की झूम केलं की टाका न् टाका दिसतो. रोज रात्री झोपायच्या आधी पाच-सहा वस्तू बघा, त्यांचं साल बघा, रंग बघा. डोळ्याला सवय लागली की पुढे खोटी वस्तू समोर आली की काहीतरी खटकतं, का खटकतं ते मागाहून कळतं. मुंबईत असाल तर सीएसएमव्हीएसमध्ये जा, म्हणजे आपलं जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. तिथला चिनी वस्तूंचा संग्रह मुख्यतः सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांनी दिलेला आहे. आणि खरेघाट कॉलनीत पारशी समाजाचं अल्पाईवाला म्युझियम आहे, ते चुकवू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

दुसरी पायरी: टाके ओळखा

ज्यांनी स्वतः कधी भरतकाम केलंय त्यांना हे पटकन जमतं. दहा पटीचं एक भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसं, तेवढं पुरतं.

सगळ्यात जास्त दिसतो तो साटन टाका, म्हणजे एकाला एक लागून घातलेले सपाट टाके. चिनी कामात त्याची गंमत अशी की रेशमाचा धागा पीळ नसलेला असतो आणि तो बोटांनी फाडून अजून बारीक करतात, सूचौ शहरातल्या कामात तर एकाच धाग्याचे आठ-सोळा भाग केलेले असतात. त्यामुळे एका पाकळीत गडद गुलाबीपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत छटा जातात आणि कुठे जोड दिसत नाही. मशीनला हे जमत नाही, मशीनचा धागा पीळदार असतो आणि भिंगाखाली दोरखंडासारखा दिसतो.

दुसरा म्हणजे गाठीचा टाका, पेकिंग नॉट. आपण फुलाच्या मध्यात चार गाठी घालतो ना, तसंच, फक्त इथे अख्खं फूल, अख्खं फुलपाखरू त्या गाठींनी भरलेलं असतं, एकेक गाठ मोहरीहून बारीक आणि सगळ्या रांगेत. विक्रेते याला ‘फॉरबिडन स्टिच’ म्हणतात आणि सोबत गोष्ट सांगतात की हा टाका घालून बायका आंधळ्या व्हायच्या म्हणून बादशहाने त्यावर बंदी घातली. असल्या बंदीला काही आधार नाही. चिनी भाषेत त्याचं नाव साधं ‘बियांचा टाका’ अशा अर्थाचं आहे. ती गोष्ट ऐकवून कोणी जास्त पैसे मागायला लागलं तर देऊ नका, टाका किती बारीक आणि किती एकसारखा आहे त्याचे पैसे द्या.

तिसरं सोन्याचं काम. आपल्याकडच्या जरीत धातूची चपटी तार रेशमावर गुंडाळलेली असते. जुन्या चिनी सोन्याच्या धाग्यात बहुतेकदा सोन्याचा वर्ख लावलेली कागदाची पट्टी असते, ती रेशमाच्या गाभ्यावर गुंडाळलेली. हा धागा कापडातून आरपार काढतच नाहीत, तो वर ठेवून दुसऱ्या बारीक रेशमाने जागोजागी टाचतात, सोन्याचा असेल तर बऱ्याचदा लाल रेशमाने आणि रुपेरी असेल तर पांढऱ्याने. भिंगातून बघा, जिथे वर्ख झिजलाय तिथे खालचा कागद दिसतो. पहिल्यांदा तो कागद दिसला तेव्हा मला वाटलं फसवलं, पण उलट ते जुन्या वस्तूचं चांगलं लक्षण निघालं. नवीन नकलांमध्ये प्लॅस्टिकची चमकी असते आणि ती कधी झिजत नाही.

आणि एक गोष्ट, जी भरतकामच नाही पण भरतकाम म्हणून विकली जाते, ती म्हणजे केसी. हे विणकाम आहे, प्रत्येक रंगाचा बाणा त्या-त्या आकारापुरताच विणलेला, आपल्या पैठणीच्या पदरावर मोर विणतात त्या जातीचं. उजेडासमोर धरलं की दोन रंग जिथे भेटतात तिथे बारीक उभ्या चिरा दिसतात. पैठणी ओळखणाऱ्या माणसाला केसी एकदा दाखवली की पुरतं.

तिसरी पायरी: कुठून सुरुवात करायची

ड्रॅगनच्या झग्यांपासून अजिबात नको. ते महाग, नकला भरपूर, आणि मोठं कापड सांभाळणं नवख्या माणसाचं काम नाही. शिवाय राजवाड्यातल्या वस्तूंच्या मागे इतिहास आहे, १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बेजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला, १९०० मध्ये परदेशी लोकांविरुद्धच्या बॉक्सर उठावाच्या वेळी परत लूट झाली. ‘राजघराण्यातली वस्तू’ असं कोणी सांगितलं तर ती चीनबाहेर कधी आणि कशी आली हे विचाराच, आणि उत्तर नसेल तर मी तरी मागे फिरते.

सुरुवातीला बाहीच्या पट्ट्या, पंख्याची म्यानं, कमरेला लावायचे छोटे बटवे, चष्म्याची घरं असं काहीतरी घ्या. यात काम तितकंच सुरेख असतं, जागा कमी लागते आणि सगळे टाके एकाच ठिकाणी बघायला मिळतात. बाहीच्या पट्टीत बऱ्याचदा अर्धा भाग गच्च भरलेला आणि अर्धा जवळजवळ रिकामा असतो, ते अपुरं काम समजू नका, घातल्यावर जो भाग दिसायचा नाही तिथे मेहनत करायची नाही असा तो हिशोब होता. तिकडे पूर्वी मुलींचे पाय लहानपणीच घट्ट बांधून छोटे ठेवायचे, त्या बांधलेल्या पायांसाठीचे छोटे बूट पण खूप विकायला असतात, तळहातावर मावतील एवढे. काम अप्रतिम असतं पण मी घेत नाही, हातात धरले की त्या पायाचाच विचार येतो. घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, ज्याचं त्याने ठरवावं.

थोडा हात बसला की रँक बॅजकडे वळा. माझा जीव यात आहे, म्हणून जरा जास्त लिहिणार.

चौथी पायरी: रँक बॅज वाचायला शिका

चीनमध्ये सरकारी अधिकाऱ्याच्या झग्यावर छातीवर आणि पाठीवर एकेक भरलेला चौकोन असायचा, त्यावरून त्याचा दर्जा कळायचा. ही पद्धत मिंग राजवटीत १३९१ मध्ये सुरू झाली, चिंग राजवटीने १६५२ मध्ये स्वतःचे नियम केले आणि साम्राज्य संपेपर्यंत म्हणजे १९१२ पर्यंत ती चालली. मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्यांना प्राणी, दर्जे नऊ. मुलकीमध्ये पहिल्या दर्जाला क्रौंच, मग सोनेरी फेझंट, मोर, रानहंस, रुपेरी फेझंट, बगळा, मँडरिन बदक, लावा आणि नवव्या दर्जाला स्वर्गीय नर्तक. लष्करात वरच्या दर्जाला चीलिन नावाचा काल्पनिक प्राणी, त्याखाली सिंह, बिबट्या, वाघ, अस्वल असं खाली उतरत जातं. यादी घोकून पाठ करायची गरज नाही, पक्ष्यांच्या शेपट्या बघायला शिका, शेपटीवरून निम्मं काम होतं.

आता बघायचं काय? चिंग काळातला वरचा झगा समोरून उघडायचा, म्हणून छातीवरचा चौकोन मधोमध उभा चिरलेला असतो आणि पाठीवरचा अखंड. विक्रेता चिरलेल्या तुकड्याला ‘फाटलेला’ म्हणून स्वस्तात देत असेल तर लगेच घ्या, तो फाटलेला नाहीये, तो पुढचा आहे! आणि चिरलेला व अखंड अशी जोडी एकत्र मिळाली तर तिची किंमत सुट्यांपेक्षा जास्त, कारण जोड्या फुटून वेगवेगळ्या देशांत गेल्यात.

नवऱ्याच्या दर्जाचा बॅज बायको पण लावायची, पण तिच्या बॅजवरचा पक्षी उलट्या दिशेला तोंड करून, म्हणजे दोघं शेजारी बसले की दोन पक्षी एकमेकांकडे बघतायत. माझ्याकडे एक बगळ्याचा चौकोन आहे आणि गेली सहा वर्षं मी त्याची जोडीदारीण शोधतेय.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तर पक्षी वेगळा भरून वरून टाचायची पद्धत आली, बढती मिळाली की नुसता पक्षी बदलायचा, बाकी ढग-लाटा त्याच. म्हणून पक्ष्याच्या कडेने बारीक टाके दिसले तर दचकू नका, पण भिंगाने बघा की पक्षी आणि जमीन एकाच वयाची आहेत का, कारण जुन्या जमिनीवर नवा पक्षी टाचून विकणारेही आहेत. पक्ष्याखालची जमीन डोकावून दिसत असेल तर तिचा रंग बाजूच्या जमिनीपेक्षा ताजा असायला हवा, वर्षानुवर्षं झाकलेली होती ना ती.

साम्राज्य गेल्यावर हे बॅज निरुपयोगी झाले आणि परदेशी लोकांनी ते ढिगाने नेले, त्यांच्या पर्स केल्या, उशा केल्या, ट्रेच्या काचेखाली घातले. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या जुन्या घरांतून ते अजून निघतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी जुन्या सामानाच्या विक्रीत उशा आणि ट्रे नीट बघावेत, मी गंभीरपणे सांगतेय.

नक्षीबद्दल थोडंसं. वटवाघूळ दिसलं तर आपण अशुभ म्हणू, पण चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौभाग्य दोन्हींचा उच्चार ‘फू’, म्हणून ते सगळीकडे असतं. मासा आणि भरभराट दोन्ही ‘यू’. पीच म्हणजे दीर्घायुष्य. असं वाचता यायला लागलं की तुकडा लग्नासाठी केलाय की वाढदिवसासाठी याचा अंदाज बांधता येतो.

पाचवी पायरी: वय तपासणं

इथे शॉर्टकट नाही, चार-पाच खुणा एकत्र जुळवाव्या लागतात.

उलटी बाजू सगळ्यात आधी. मागचे रंग पुढच्यापेक्षा गडद आणि ताजे असले पाहिजेत, कारण उजेड पुढून खाल्लाय. पुढे-मागे सारखाच फिकट तपकिरी रंग असेल तर चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला असायची शक्यता जास्त, वास पण घेऊन बघा. मशीनकामात मागे सगळीकडे एकाच रंगाचा खालचा धागा दिसतो, बहुतेकदा पांढरा. हातकामात मागे पण तेच रंग, गाठी, एका फुलातून दुसऱ्या फुलात मारलेल्या उड्या दिसतात. अपवाद दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या कामाचा, तिथे मागे गाठ सापडतच नाही, पण टाक्याचा बारीकपणा इतका असतो की मशीनशी गल्लत होत नाही.

मग रंग. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ मध्ये झाली, विल्यम पर्किनने लंडनमध्ये जांभळा शोधला तिथून, आणि चीनमध्ये ते साधारण १८७० च्या आसपासपासून दिसायला लागतात. म्हणून भडक ॲनिलिन (म्हणजे कृत्रिम) जांभळा असलेला तुकडा कोणी अठराव्या शतकातला म्हणून देत असेल तर थँक यू म्हणून फोन ठेवा. याचा अर्थ जांभळा वाईट असा नाही हं, १८८० चा सुंदर तुकडा सुंदरच असतो, फक्त किंमत १८८० ची हवी.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्या. अंधारात मारला आणि धागा निळा-पांढरा झगझगला तर त्यात कपडे उजळ करणारं आधुनिक केमिकल आहे, जे दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास वापरात आलं. फक्त एवढं लक्षात ठेवा की कोणी जुनी वस्तू आजच्या डिटर्जंटने धुतली असेल तरी ती चमकते.

जाळून बघायची परीक्षा फक्त सुट्या लोंबणाऱ्या धाग्यावर, आणि स्वतःच्या मालकीच्या वस्तूवरच. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, पॉलिस्टर वितळून मणी होतो, रेयॉन कागदासारखं जळतं.

आपल्या दारातलं चिनी भरतकाम: गारा

आता अल्पाईवालाचं कारण. मुंबईचे पारशी व्यापारी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला, कापूस आणि अफू घेऊन जायचे, सर जमशेटजी जीजीभॉय यांनीच चीनच्या पाच सफरी केल्या. येताना चहा-रेशमाबरोबर घरच्या बायकांसाठी भरलेलं रेशीम यायचं, पुढे साडीच्या मापाने भरून घ्यायला लागले, आणि चिनी फेरीवाले पण पाठीवर गाठोडी घेऊन मुंबईत दारोदार विकायचे. तोच पारशी गारा. गाठीच्या टाक्याला पारशी बायका ‘खाखो’ म्हणतात, आणि नक्षीला त्यांनी घरची नावं दिलीत. दादरच्या एका पारशी आंटींनी मला त्यांच्या आजीचा गारा पलंगावर पसरून दाखवला होता, किरमिजी रंगाचा, त्यावर लहान-मोठे गोल ठिपके. बोट ठेवून म्हणाल्या, ‘दीकरा, हे कांदा-पपेटा.’ कांदे-बटाटे! दुसऱ्या कोपऱ्यात पूल, पॅगोडा, छत्रीवाली बाई, ते ‘चीना-चीनी’. मग त्यांनी पदर उलटा केला आणि मागची बाजू जवळजवळ पुढच्याइतकीच स्वच्छ होती, मी बराच वेळ नुसती बघत बसले.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, सगळे गारे चिनी नाहीत, मागणी वाढल्यावर आपल्याकडे सुरत-मुंबईतही भरायला लागले, ते काम पण चांगलं असतं पण वेगळं असतं. दुसरं, जमीन विरली की बायका कोर, म्हणजे भरलेला काठ, काढून नव्या साडीला लावायच्या, तेव्हा काठ शंभर वर्षांचा आणि साडी चाळीस वर्षांची असं होऊ शकतं. यात फसवणूक नाही, ती वस्तू वापरायची रीत होती, पण किंमत काठाचीच द्या. आणि एखाद्या कुटुंबाकडून घेत असाल तर घासाघीस करू नका, त्या साडीत कोणाचं तरी लग्न झालेलं असतं. नेसलेल्या आजीचा फोटो असेल तर त्याची कॉपी मागून घ्या.

सहावी पायरी: खरेदी आणि कायदा

ऑनलाइन लिलावात बोली लावताना हातोडीच्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या किमतीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाव करणाऱ्यांचं जादा कमिशन लागतं, मोठ्या लिलावांत बऱ्याचदा २० टक्क्यांच्या वर, शिवाय कुरिअर, विमा, कस्टम्स. सगळं मिळून किती होतं ते आधी कागदावर मांडा आणि मगच बोली. विकणाऱ्याकडे उलट्या बाजूचा, कडांचा आणि सगळ्यात खराब जागेचा फोटो मागा. खराब जागेचा फोटो न मागता जो पाठवतो तो विक्रेता जपून ठेवा, मी अशा दोघांकडूनच निम्मा संग्रह घेतलाय.

चीनमधून स्वतः आणायचा विचार असेल तर सावध, २००७ पासूनच्या तिथल्या नियमांप्रमाणे १९११ च्या आधीच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि १९४९ पर्यंतच्या महत्त्वाच्या वस्तूही सहसा बाहेर नेऊ देत नाहीत. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. म्हणजे आजीचा जुना गारा बॅगेत घालून लेकीकडे न्यू जर्सीला न्यायचा असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा, एअरपोर्टवर नको. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर तसं पत्र घेऊन ठेवता येतं.

सातवी पायरी: घरी सांभाळणं

आपल्याकडे शत्रू तीन, ऊन, पावसाळा आणि कसर.

धुवायचं नाही, ड्रायक्लीनिंग पण नाही. जुना लाल रंग पाण्याने पसरतो आणि बॅजच्या मागे खळ लावलेला कागद असतो तो सुटतो. इस्त्री तर नाहीच.

छोटे तुकडे सपाट ठेवा, मोठं कापड नळीवर गुंडाळा, भरलेली बाजू बाहेर. घडी घालावीच लागली तर पैठणीचं करतो तेच, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घालायची, नाहीतर रेशीम घडीवर विरतं. गुंडाळायला खळ काढलेली, दोनदा धुतलेली मलमल. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमट राहून बुरशी येते. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. पेटीत सिलिका जेल ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून बघा. कसरीला खळ फार आवडते, म्हणून बॅजची मागची बाजू आधी बघायची. किडे दिसलेच तर तुकडा वेगळा काढा आणि जाणकाराला दाखवा, मुंबईत सीएसएमव्हीएसचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची पण सेंटर्स आहेत. घरी फेविकॉल, सेलोटेप, रफू, यातलं काहीही करू नका, माझ्या फुलपाखरांची शपथ.

फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याच्या समोर उभं राहून करून घ्या. आधी सुती कापडावर सैल टाक्यांनी टाचायचं, मग ते बोर्डवर ताणायचं, गोंद कुठेच नाही, आणि काच कापडाला टेकणार नाही एवढी जागा सोडायची. भिंत खिडकीसमोरची नको. म्युझियमवाले रेशमावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत, म्हणजे आपल्या बैठकीत संध्याकाळी एक मंद दिवा असतो तेवढा. मी सहा महिने एक तुकडा लावते, मग तो पेटीत आणि दुसरा भिंतीवर.

आणि प्रत्येक तुकड्यासाठी वहीत एक पान ठेवा, कधी, कुठून, कितीला घेतला, विकणाऱ्याने काय सांगितलं, दोन्ही बाजूंचे फोटो. नंबर द्यायचा तर मलमलीवर सुती फितीचा तुकडा शिवून त्यावर पेन्सिलने लिहा, स्टिकर नको, त्याचा गोंद मलमलीतून आत उतरतो.